उन्हाने गेलेला माणूस कागदावर कशाने जातो?

पाऊस सुरू आहे. वावरात सोयाबीन वर आलंय, दवाखान्यात जुलाब, ताप आणि चिखल्यांचे पेशंट आहेत, आणि कूलर कोपऱ्यात सरकवून त्यावर जुनी चादर टाकून झाली आहे. अशा वेळी डॉक्टरांनी उन्हावर लेख लिहावा हे तुम्हाला विचित्र वाटेल. मुद्दाम लिहितोय. मे महिन्यात लिहिलं की 'काळजी काय घ्यायची' एवढंच वाचलं जातं, आणि पहिला पाऊस पडला की तेही विसरलं जातं. सरकारही नेमकं तेच करतं. म्हणून आज काळजीबद्दल थोडं आणि हिशेबाबद्दल जास्त.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला होता. तिशीचा असेल. त्याच्या वडिलांना आपण इथे आप्पा म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव आणि दोन-चार तपशील बदलले आहेत. आप्पा माझे जुने पेशंट. वय ६८, बीपीची गोळी दहा वर्षं चालू. मे महिन्यात सलग तिसऱ्या दिवशी कडक ऊन होतं, त्या रात्री ते झोपेत गेले. घरच्यांनी सकाळी मला बोलावलं. नेहमीचा पेशंट, जुना बीपी, वय झालेलं. मी प्रमाणपत्रावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. सही केली. घरच्यांनी अंत्यविधीची तयारी सुरू केली.

आता मुलगा विचारत होता, "सायेब, बाबाच्या कागदावर तुमी ऊन काहून नाई लिवलं?"

मी म्हटलं, ते उन्हात गेलेच नव्हते ना रे, घरातच होते.

तो म्हणाला, "घर टिनाचं हाय ना सायेब. रातच्याला लाइट गेली ते पहाटलोक आलीच नाई. कूलर बंद. बाबा रातभर भितीले पाठ लावून बसले होते."

हे मला त्या सकाळी कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्याला आर्थिक मदत मिळते का ते पाहायचं होतं. पण कागदावर ऊन नसेल तर राज्याची असो की केंद्राची, कोणतीही योजना आज किंवा उद्या त्याच्यापर्यंत पोचणार नाही. आणि ती ओळ मी आता कशाच्या आधारावर बदलू? त्या सकाळी मी अंगाचं तापमान मोजलेलं नव्हतं. ही माझी चूक आहे, आणि ती आप्पांच्या बाबतीत पहिल्यांदा झालेली नाही.

ऊन माणसाला कसं मारतं ते आधी समजून घेऊ. आपल्या डोक्यात चित्र असतं ते भर दुपारी वावरात कोसळलेल्या मजुराचं. तसं होतं, त्याला उष्माघात म्हणतात. शरीराचं तापमान १०४ फॅरेनहाइटच्या वर जातं, माणूस बरळतो, ओळखत नाही, झटके येतात. तो मिनिटांचा खेळ असतो. माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा, जोराचा वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही, खिशातल्या कांद्याचाही नाही. (कांद्यावर माझ्याशी वाद घालायला दरवर्षी चार-पाच जण येतात. कांदा भाकरीसोबत खावा.)

पण उन्हाचे बहुतेक बळी असे कोसळत नाहीत. ते घरात, खाटेवर, गुपचूप जातात. गरम हवेत शरीर रक्त कातडीकडे ढकलतं, म्हणजे उष्णता बाहेर जावी. त्यासाठी हृदयाला जास्त वेगाने पळावं लागतं. घामाने पाणी आणि क्षार जातात, रक्त दाट होतं. आपल्या वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, म्हणून "मला तर घामच आला नाही" असं वाटतं, पण लिटरभर पाणी गेलेलं असतं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्या हे पाणी आणखी काढतात. (म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, उन्हाळ्यात डोस पाहायला या.) तरुण शरीर हे सगळं रात्री भरून काढतं. रात्र मात्र थंड हवी. टिनाचं छप्पर दिवसभर तापतं, भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात, आणि लाइट नसेल तर हृदयाला विसावा मिळतच नाही. एक रात्र चालतं, दोन रात्री चालतं. तिसऱ्या रात्री जुनं, बीपीने थकलेलं हृदय थांबतं. मग डॉक्टर लिहितो, हृदयक्रिया बंद पडली.

ते खोटं नाही. पण मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. मृत्यूच्या कारणाच्या सरकारी फॉर्मवरच सूचना छापलेली असते की मृत्यूचा प्रकार लिहू नका, ज्यामुळे मृत्यू ओढवला ते कारण लिहा. खाली क्रमाने ओळी असतात: लगेचचं कारण, त्याच्या मागचं कारण, त्याच्याही मागचं. त्या मागच्या ओळींत 'अति उष्णता' लिहायला जागा आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला स्वतंत्र कोडसुद्धा आहे. आम्ही लिहीत नाही, कारण ऊन अंगावर खूण ठेवत नाही, आणि लिहिलं की पुढे पोलीस, शवविच्छेदन, चौकशा. दुःखात असलेल्या घराला त्यात कोणी घालायचं? आणि हेही मोजक्याच मृत्यूंबाबत. २०२० च्या केंद्राच्या अहवालानुसार देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांचं कारण घरच्यांनी सांगितलं ते.

याचा परिणाम पाहा. २०१५ ते २०२२ या काळात देशात उन्हाने किती माणसं गेली? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे एनसीडीसी सांगतं ३,८१२. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो ८,१७१. हवामान खातं सांगतं ३,४३६. तिन्ही कार्यालयं केंद्र सरकारचीच, वर्षं तीच, ऊनही तेच. ज्या दुकानात तीन वह्यांत तीन गल्ले लिहिलेले असतात, त्या दुकानदाराला तुम्ही काय म्हणता? आणि यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यातही आप्पा नाहीत. उन्हाने हृदय, किडनी किंवा मेंदूवर घाला घालून नेलेली माणसं कोणत्याच वहीत नाहीत.

मोजणं शक्य नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भयानक उष्णता पडली. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेसह संशोधकांनी साधी गोष्ट केली: त्या महिन्यात शहरात एकूण किती माणसं गेली आणि एरवी मे महिन्यात किती जातात, याची वजाबाकी. १,३४४ मृत्यू जास्त निघाले. कारण काय लिहिलं होतं याला महत्त्वच राहिलं नाही. तो आकडा समोर आल्यावर शहर हललं. २०१३ मध्ये अहमदाबादने दक्षिण आशियातली पहिली उष्णता कृती योजना केली. आधीच इशारे, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करणं. नंतरच्या अभ्यासात वर्षाला हजाराहून जास्त मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. फ्रान्समध्येही असंच झालं. २००३ च्या ऑगस्टमध्ये तिथे सुमारे १५ हजार माणसं गेली, बहुतेक म्हातारी आणि एकटी राहणारी. तिथल्या आरोग्य विभागाच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय योजना आली. दोन्हीकडे आधी आकडा आला, मग पैसा आणि यंत्रणा.

आपल्याकडे पैशाचं दार कुठे बंद आहे ते सांगतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली केंद्राची एक यादी आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, हिमकडा, ढगफुटी, पिकांवरची कीड आणि थंडीची लाट. २०२५ मध्ये बारा नावं. या बाराांपैकी काही घडलं तर आपत्ती निधी उघडतो, माणूस गेला तर घरच्यांना ४ लाख रुपये मिळतात. २२ जुलै २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोदला पूर आला, तेव्हा निदान हा दरवाजा उघडा होता. थंडीची लाट २०१२ मध्ये यादीत आली. उष्णतेची लाट २०२५ पर्यंत आली नव्हती. हिमकडा होता, ऊन नव्हतं. वडनेरच्या माणसाने याला काय म्हणावं?

राज्यांना स्वतःच्या आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. ओडिशा, केरळ, तमिळनाडू यांनी उष्णतेला राज्याची आपत्ती ठरवलं, एप्रिल २०२५ मध्ये तेलंगणाने ठरवलं. चांगलंच केलं. पण हे म्हणजे घरात आग लागली तर हंड्यातलं दहावा हिस्सा पाणी वापरायची परवानगी आहे असं सांगण्यासारखं झालं. जी आपत्ती राजस्थानपासून तेलंगणापर्यंत एकाच आठवड्यात येते ती स्थानिक कशी?

केंद्राचा युक्तिवाद मला माहीत आहे. पंधराव्या वित्त आयोगापुढे राज्यांनी यादी वाढवण्याची मागणी केली होती. आहे ती यादी पुरेशी आहे, असं म्हणून आयोगाने ती मान्य केली नाही. ऊन दरवर्षीच पडतं, मृत्यू उन्हानेच झाला हे सिद्ध करणं अवघड, निधीवर ताण येईल, असंही बोललं जातं. यातला सिद्ध करण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि मी वर कबुलीही दिली आहे. पण अवघड का आहे? मोजायला कोणी सांगितलं नाही म्हणून. मेच्या सकाळी मृताचं तापमान घ्या, घर कसं आहे, रात्री लाइट होती का हे दोन प्रश्न विचारा, असा सक्तीचा नियम आला तर मी ते उद्यापासून करीन. आणि पूर, दुष्काळही दरवर्षी कुठे ना कुठे येतातच की.

आता इशाऱ्यांचं. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे मैदानी भागात तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेलं, किंवा सरळ ४५ ला पोचलं, तर उष्णतेची लाट. आपल्या पट्ट्यात मे महिन्यात ४२ हीच जवळपास सरासरी आहे. म्हणजे ४४ अंशांत वीटभट्टीवर उभा असलेला माणूस नियमाप्रमाणे लाटेत नसतो. त्याची किडनी हा नियम वाचत नाही. उलट १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात पारा ३८ च्या आसपासच होता, पण दमट हवा, डोक्यावर सावली नाही आणि तासन्‌तास बसलेली लाखो माणसं. १४ जण गेले. ते एकाच ठिकाणी, कॅमेऱ्यांसमोर गेले म्हणून राज्याला कळलं. तेवढीच माणसं चौदा गावांत चौदा टिनाच्या घरांत गेली असती तर पेपरात ओळही आली नसती.

अकोल्याचं आठवत असेल. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं. जमावबंदीचं कलम, उन्हासाठी! माझ्या ओळखीतले लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या अधिकाऱ्याच्या हातात उन्हासाठी बनवलेलं कायद्याचं हत्यार नव्हतं, म्हणून त्याने दंगलीचं वापरलं. कामाच्या वेळा बदला, कोचिंग क्लास दुपारी बंद ठेवा, मजुरांना सावली आणि पाणी द्या, हे सांगायला दंगलीचं कलम लागावं यातच सगळं आलं. दिल्लीच्या एका धोरण संशोधन संस्थेने २०२३ मध्ये देशातल्या ३७ उष्णता कृती योजना तपासल्या. पैसा कुठून येणार हे फक्त तीन योजनांत लिहिलेलं होतं. योजना पाळायला भाग पाडणारा कायदा कोणता, हे एकीतही नाही.

आणि एक गोष्ट आपल्या पट्ट्याची. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आणि तिथले किडनीचे पेशंट हा विषय तुम्हाला नवा नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे असं गाव क्वचित, जिथे कोणाचं डायलिसिस झालेलं नाही. खाऱ्या पाण्याला आपण दोष देतो, आणि ते पाणी प्यावं लागू नये ही मागणी बरोबरच आहे. पण मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वात ऊसतोड मजुरांच्या किडन्या शुगर-बीपी नसताना खराब होताना दिसल्या, तेव्हा संशयाचं बोट उन्हातल्या कष्टाकडे आणि रोजच्या पाणी तुटण्याकडे गेलं. आपली माणसं मे महिन्यात धसकटं वेचतात, पऱ्हाटी उपटतात, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात. खारं पाणी आणि हे ऊन एकत्र आल्यावर काय होतं, याचा मोठा अभ्यास केंद्राने इथे करायला हवा. राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा ३० जून २००८ ला आला तेव्हा त्यात आठ मिशन होती. सौरऊर्जा होती, पाणी होतं, हिमालय होता. आरोग्य नव्हतं. हवामान आणि आरोग्य यांचा राष्ट्रीय कार्यक्रम यायला २०१९ उजाडलं.

"पण डॉक्टर, हे ऊन आपण थोडंच वाढवलं?" असं तुम्ही विचाराल. बरोबर. भारतातला माणूस सरासरीने जगातल्या सरासरी माणसाच्या निम्म्याहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि आप्पांनी तर आयुष्यात एक सायकल आणि एक कूलर एवढंच वापरलं. आपलं सरकार परदेशात जाऊन श्रीमंत देशांना हे सुनावतं तेव्हा मला ते पटतं. पण २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, आणि ऊन कोणाची बाजू न्याय्य आहे हे बघून पडत नाही. जून २०२५ मध्ये वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेलाशिवायची झाली, हे कौतुकाचं आहे. प्रत्यक्षात तयार होणारी वीज मात्र २०२४ मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशाचीच होती, आणि २०३१-३२ पर्यंत आणखी सुमारे ८० हजार मेगावॅट कोळशाची भर घालायचा विचार होता. शेगावहून अकोल्याला रेल्वेने जाताना पारसचं वीज केंद्र दिसतं ना, ते ५०० मेगावॅटचं. तशी १६०. मी उद्या वीज बंद करा म्हणत नाही, आप्पांच्या घरात त्या रात्री वीजच हवी होती. पण सूर्य ज्या विदर्भाला भाजतो, त्याच विदर्भाच्या टिनाच्या छपरांवर सौर पॅनल आणि रात्रीसाठी बॅटरी आधी यावी, आणि शून्य उत्सर्जनाच्या २०७० च्या तारखेआधीच्या तारखा सरकारने सांगाव्यात. २०७० पर्यंत माझा आजचा एकही म्हातारा पेशंट असणार नाही.

पाऊस चालू असताना हे लिहिण्याचं खरं कारण आता. अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालचा सोळावा वित्त आयोग २०२५ मध्ये काम करत होता. आपत्ती निधीची व्यवस्था तपासणं हे त्याच्या कामात लिहिलेलंच होतं. अहवाल २०२५ मध्ये द्यायचा होता आणि तो एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांसाठी आहे. उष्णता यादीत आली नाही तर हे पाच उन्हाळे तसेच जातील. आपत्ती कायद्यातली दुरुस्ती मार्च २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाली, तेव्हाच यादीला हात लावता आला असता. लावला नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. त्याच वर्षी मे महिन्यात राजस्थान हायकोर्टाने उष्णतेच्या लाटेला राष्ट्रीय आपत्ती ठरवण्याची गरज सांगितली. कोर्टाने सांगून झालं, डॉक्टर सांगतायत, आता मत मागायला येणाऱ्यांना तुम्ही सांगायला हवं.

आणि आपलं नशीब असं की सांगायला लांब जावं लागत नाही. आपला नांदुरा तालुका लोकसभेला रावेरमध्ये जातो, तिथल्या खासदार रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री आहेत. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. एका जिल्ह्याला दोन केंद्रीय मंत्री आणि त्यातले एक थेट आरोग्य खात्यात, हे रोज मिळत नाही. दोघांना पत्र लिहा. भाषा साधी ठेवा, मागण्या तीनच: उष्णतेची लाट केंद्राच्या आपत्ती यादीत घ्या, उन्हाळ्यातल्या प्रत्येक मृत्यूत उष्णतेची तपासणी सक्तीची करा, आणि दर जिल्ह्याचे उन्हाळ्यातले जास्तीचे मृत्यू वजाबाकी करून दरवर्षी जाहीर करा. तिसऱ्या मागणीला पैसाही फारसा लागत नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेतच.

दवाखान्यात बाकावर कागद आणि पाकिटं ठेवली आहेत, तिकिटं माझी. नंबर लागेपर्यंत तुम्हाला वेळ असतोच.

आप्पांचा मुलगाही लिहितो म्हणाला. त्याने विचारलं, "सायेब, त्याच्यात लिवू काय?" मी म्हटलं, वडिलांचं वय लिही, घरावर टिनं आहेत ते लिही, आणि त्या रात्री लाइट किती वाजता गेली नि किती वाजता आली ते लिही.